मुलांचा अंतरिम ताबा (पालकावर नशेचा आरोप असताना)

आईबापांच्या वादाचा अंतिम निकाल लागेपर्यंत मूल कोणाजवळ राहील, हे ठरवणारा न्यायालयाचा तात्पुरता आदेश. गांजा, एमडी (मेफेड्रोन) यांसारख्या नशेचा आरोप असला की असा आदेश देणे अवघड होते. आरोप शाबीत व्हायला वेळ लागतो. मुलाने आज कोणाच्या घरी निजायचे हे मात्र आजच ठरवावे लागते.

किन्हवली (ता. शहापूर, जि. ठाणे) आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यात कायद्याची वाट सगळ्यांना सारखी नाही. 1955 चा हिंदू विवाह कायदा (कलम 26) आणि 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा अनुसूचित जमातींना केंद्राच्या अधिसूचनेशिवाय लागू होत नाहीत. त्यामुळे इथल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली कुटुंबांना मुख्य आधार राहतो तो 1890 च्या पालक व पाल्य कायद्याचा (कलम 12) आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा (कलम 21). दुसरा रस्ता जवळचा. माहेरी आलेली बाई तिथल्याच दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. पहिली तारीख एरवी तीन दिवसांत लागायला हवी. बापाच्या भेटीने मुलाला अपाय होईल असे वाटल्यास दंडाधिकाऱ्यांनी भेटही नाकारायची असते. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचे उत्पन्न कितीही असो. हे गावोगाव सांगितले गेले पाहिजे. आरोप आईवर असेल तर मात्र कलम 21 बापाच्या कामाचे नाही. त्याने किंवा आजी-आजोबांनी 1890 च्या कायद्याने जिल्हा न्यायालयात जायचे.

वैवाहिक दाव्यात न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकते आणि नकार देणाऱ्याविरुद्ध अनुमान काढू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये ठरवले. पण अशा तपासणीत गांजाचा अंश लघवीत काही दिवस, रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत महिनाभरही सापडतो. त्यावरून सेवन कळते, त्या घरात मुलाचे काय झाले ते कळत नाही. ते शाळेच्या हजेरीवरून, अंगणवाडीताईंच्या नोंदीवरून, आरोग्य केंद्राच्या कागदांवरून, शेजाऱ्यांच्या जबाबावरून उमगते. अर्जात सर्वाधिक जागा यालाच द्यावी.

गोव्यातल्या एका अंतरिम ताब्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने (न्या. विक्रमजित सेन, फेब्रुवारी 2015) पाच वर्षांखालील मुलाचा ताबा आईकडे दिला. इतक्या लहान मुलाला आईजवळ ठेवणे अहिताचे आहे, हे बापाने दाखवायचे असते, असा त्या निकालाचा आशय आहे.

आरोपामुळे भेट बंदच व्हावी असे नाही. दिवसा, आजी किंवा आत्याच्या देखत, मूल गावाबाहेर न नेता, अशा अटींवर ती देता येते. व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घ्यायला गेला, तर सेवन किंवा अल्प प्रमाणातील अमली पदार्थाच्या गुन्ह्यातून त्याला 1985 च्या अमली पदार्थ कायद्याचे कलम 64-अ संरक्षण देते; उपचार अर्ध्यावर सोडल्यास ते काढून घेता येते. आदेश अंतरिम असल्याने, उपचार पूर्ण झाल्यावर तो बदलून मागता येतो.