केझिक कन्व्हेन्शन

इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्टमध्ये, डर्वेंटवॉटर सरोवरालगतच्या केझिक गावी 1875 पासून उन्हाळ्यात भरणारे ख्रिस्ती अधिवेशन. बायबलवरील व्याख्याने, सामुदायिक उपासना आणि सहभागिता ही त्याची मुख्य अंगे.

1874 मध्ये ऑक्सफर्डला आणि पुढच्या वर्षी ब्रायटनला आध्यात्मिक जीवनावर मोठ्या सभा झाल्या. ऑक्सफर्डहून भारावून परतलेले केझिकचे पाळक टी. डी. हार्फर्ड-बॅटर्सबी यांनी मित्र रॉबर्ट विल्सन यांच्या साथीने तशीच सभा आपल्या गावी बोलावली. पाळकसाहेब अँग्लिकन, विल्सन क्वेकर. एका पंथाची उपासना छापील प्रार्थनांवर चालते, दुसऱ्याची मौनावर. तरीही दोघांनी एकच तंबू उभारला. ख्रिस्तामध्ये सर्व एक, हे गलतीकरांस पत्रातील सूत्र अधिवेशनाचे ब्रीद ठरले. मुख्य वक्ते रॉबर्ट पिअर्सल स्मिथ ऐन वेळी येऊ शकले नाहीत, पण सभा पार पडली.

आठवड्याच्या व्याख्यानांना ठरलेला क्रम असे. आधी पापाची जाणीव, मग शुद्धी, मग समर्पण, त्यानंतर पवित्र आत्म्याने भरलेले जीवन आणि शेवटी सेवा. पापावरचा विजय स्वतःच्या धडपडीने नव्हे, तर विश्वासाने मिळतो, हा या शिकवणीचा गाभा. तिला विरोधही जाणत्यांकडूनच झाला. पुढे लिव्हरपूलचे बिशप झालेले जे. सी. राइल यांनी पावित्र्यासाठी झटावेच लागते, असे ठामपणे मांडले. 1955 मध्ये जे. आय. पॅकर यांनी आणखी कठोर चिकित्सा केली. ही टीका अधिवेशनाला उपकारकच ठरली, असे म्हटले पाहिजे. 1965 मध्ये जॉन स्टॉट यांनी रोमकरांस पत्राच्या पाचव्या ते आठव्या अध्यायांवर दिलेली व्याख्याने मूळ वचनाला धरून होती, आणि पुढे व्यासपीठाचा भर अशाच विवेचनावर राहिला.

आता अधिवेशन तीन आठवडे चालते. पेन्सिलींसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातील जुन्या पेन्सिल कारखान्याची जागाही संस्थेने घेतली आहे.

सेवेच्या हाकेतून अनेक मिशनरी घडले. तमिळ प्रदेशात दोनावूर येथे मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या एमी कारमायकेल या केझिकच्या निधीवर परदेशी गेलेल्या पहिल्या मिशनरी.

या अधिवेशनाशी महाराष्ट्राचा संबंध पंडिता रमाबाईंमुळे येतो. 1898 मध्ये त्यांना तेथे बोलायला जेमतेम पाच मिनिटे मिळाली. आपल्या संस्थेसाठी त्यांनी काही मागितले नाही. भारतीय ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा, त्यांच्यातून एक लाख पुरुष आणि एक लाख स्त्रिया सुवार्तेसाठी उभ्या राहाव्यात, अशी प्रार्थना करण्याची विनंती त्यांनी सभेला केली. भारतात सुवार्ता भारतीयांनीच, त्यातही स्त्रियांनी पुरुषांच्या बरोबरीने सांगावी, हा विचार त्या काळी धाडसी होता. जून 1905 मध्ये रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात मोठी आध्यात्मिक जागृती झाली. तिला वेल्समधील 1904च्या जागृतीची प्रेरणा होतीच. पण रमाबाईंचे केझिकमधील मागणे वेल्सच्या जागृतीच्याही सहा वर्षे आधीचे आहे.