मानवीकृत प्रतिपिंडे

प्रतिपिंडातील (शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थास म्हणजे प्रतिजनास ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनातील) प्रतिजनाशी जुळणारे मोजके भाग उंदराचे व उर्वरित संरचना मानवी असल्यास त्यास मानवीकृत प्रतिपिंड म्हणतात. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रॅस्टुझुमॅब हे त्याचे प्रमुख उदाहरण होय.

केंब्रिज येथे १९७५ मध्ये गेऑर्ग कोहलर व सेसार मिलस्टीन यांनी उंदराच्या प्रतिपिंडजनक कोशिकांचा कर्ककोशिकांशी संकर करून एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तेवढे मिळविण्याची पद्धत शोधली. तथापि मानवी शरीर उंदराच्या प्रथिनास परके मानून त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. त्यामुळे अशा औषधाच्या मात्रा वारंवार देणे अवघड असे. १९८६ मध्ये केंब्रिज येथेच ग्रेगरी विंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या प्रतिपिंडातील प्रतिजनाला चिकटणारे वळसे मानवी सांगाड्यावर बसवून यावर मार्ग काढला.

याच सुमारास एचईआर-२ या कोशिकापृष्ठावरील ग्राहीचे (वृद्धीचे संदेश आत पोहोचविणाऱ्या प्रथिनाचे) महत्त्व लक्षात आले. डेनिस स्लेमन, आक्सेल उलरिख व इतरांनी १९८७ मध्ये स्तनाच्या १८९ अर्बुदांची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे ३०% अर्बुदांत या ग्राहीच्या जीनच्या जादा प्रती आढळल्या. लसीका ग्रंथींत रोग पसरलेल्या अशा रुग्णांत तो लवकर उलटत असे. कॅलिफोर्नियातील जेनेन्टेक कंपनीत तयार झालेले ४डी५ हे उंदराचे प्रतिपिंड अशा कोशिकांची वाढ मंदावीत असे.

त्याच्या मानवीकरणाचे कार्य पॉल कार्टर व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. केवळ वळसे बसविलेला पहिला प्रकार ग्राहीस चिकटे. पण वाढ रोखीत नसे. वळशांची नेमकी ठेवण सांगाड्यातील काही ॲमिनो अम्लांवरही अवलंबून असते. म्हणून रेणूची संगणकीय प्रतिकृती पाहून अशी थोडी अम्ले उंदराचीच ठेवण्यात आली. आठवा प्रकार पहिल्याच्या २५० पट व मूळ प्रतिपिंडाच्या ३ पट घट्ट चिकटे. वाढ रोखण्यात तो मूळ प्रतिपिंडाच्या तोडीचा, तर मानवी मारक कोशिकांकरवी कर्ककोशिकांचा नाश घडविण्यात अधिक सरस ठरला.

अमेरिकेत या औषधास १९९८ मध्ये मान्यता मिळाली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६९ स्त्रियांवरील चाचणीत रासायनी चिकित्सेस त्याची जोड दिल्याने रोगाची वाढ थोपण्याचा मध्यक काळ ४·६ महिन्यांवरून ७·४ महिन्यांवर व जीवितकाल २०·३ वरून २५·१ महिन्यांवर गेला. मात्र अँथ्रासायक्लीन औषधांबरोबर ते दिलेल्या २७% रुग्णांत हृदयाचे कार्य बिघडले. म्हणून उपचारकाळात हृदयाची तपासणी आवश्यक असते. जादा एचईआर-२ नसलेल्या अर्बुदांवर हे औषध देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. भारतासह काही देशांत त्याच्याशी समतुल्य औषधेही निघाली आहेत. तरीही किंमत हाच अनेक रुग्णांपुढील मोठा अडथळा आहे.