अनुभवाची साक्ष : तीन आत्मकथनांचा धडा

गरसेकरांच्या प्रदेशात बरा झालेला मनुष्य प्रभूबरोबर राहू इच्छित होता. परंतु प्रभूने त्याला घरी पाठविले आणि आपणावर झालेली दया स्वकीयांस सांगण्याची आज्ञा केली (मार्क ५). त्याच्यापाशी ना शास्त्राभ्यास होता, ना वादकौशल्य. जे घडले ते सांगणे, एवढीच त्याची सेवा. मराठी ख्रिस्ती मंडळीने ही आज्ञा कशी पाळली, याचा येथे थोडा विचार करू.

आरंभी सुवार्ताकार्यात वादविवादाला मोठे स्थान होते. १८३० व १८३१ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांचे शास्त्रीमंडळींशी जाहीर वाद झाले. ते आज अभ्यासकांपुरते उरले आहेत. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी 'अरुणोदय' या आत्मचरित्रात दुसरी वाट धरली. घरचे धर्माचरण, शाळेतील शिक्षण, परमहंस सभेतील दिवस आणि १८५४ चा बाप्तिस्मा, असा आपल्या मनाचा दीर्घ प्रवास त्यांनी त्यात सांगितला. येथे प्रतिपक्षी कोणी नाही. वाचक सहप्रवासी आहे.

नारायण वामन टिळकांची हकीकत आपणां सर्वांस ठाऊक आहे. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाची गाठ पडली. त्याने काव्यावर बोलणे काढले, नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत मुळीच पटले नाही. पण पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

परंतु या घटनेला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगण्याचे धैर्य लक्ष्मीबाईंनी दाखविले. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे ताटातूट झाली. पुढे सोवळ्याओवळ्याचा व जातिभेदाचा विचार त्यांनी स्वतःच्या बुद्धीने सोडला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी आपला संताप, अश्रू व हट्ट यांपैकी काहीच झाकले नाही. टिळकांचे दोषही लपविले नाहीत. म्हणूनच ख्रिस्ती नसलेल्या घरांतही तो ग्रंथ प्रेमाने वाचला जातो.

हे सारे तिगावच्या संदर्भात आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. नागपूर–इटारसी लोहमार्गावरील पांढुर्णा-सौंसरचा हा टापू मध्य प्रदेशात असूनही बोलीने मराठी आहे. तेथील प्रचारकाला मायबोलीतील हा वारसा जवळचा आहे. कायदा मात्र त्याच्या राज्याचा आहे. १९६८ साली मध्य प्रदेशात धर्मांतरविषयक कायदा झाला. १९७७ साली रेव्ह. स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की आपल्या धर्मतत्त्वांचे विवरण करून त्यांचा प्रसार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा नव्हे. २०२१ साली जुन्या कायद्याच्या जागी अधिक कठोर कायदा आला.

या कायद्यांविषयी मतभेद असू शकतात. पण एक प्रश्न आपण न्यायालयाच्या आधी स्वतःला विचारावयास हवा. "माझा आजार गेला, तुमचाही जाईल" असे म्हणताच साक्ष संपते आणि आमिष सुरू होते. ऐकणाऱ्याच्या जीवनात देव काय करील, हे आपल्या हाती नाही. आपल्या जीवनात त्याने काय केले, तेवढेच आपण सांगू शकतो.

आम्हीही सभांतून आपला पूर्वायुष्याचा अंधार थोडा अधिक गडद करून सांगितला आहे, जेणेकरून प्रकाश उजळ दिसावा. लक्ष्मीबाई वाचताना त्याची लाज वाटते. पौलाने यहूदी जमावापुढे व अग्रिप्पा राजापुढे आपली कथा सांगताना स्वतः केलेला छळ झाकला नाही (प्रे. कृ. २२, २६), आणि राजाचे उत्तर त्याने राजावरच सोपविले. साक्षीदाराचे काम निकाल देणे नव्हे, खरे बोलणे होय. पुढच्या वेळी साक्ष देण्यास उभे राहताना एवढे आपण स्मरावे : जे घडले ते सांगावे, जे दुखले तेही सांगावे आणि उरलेले पवित्र आत्म्यावर सोपवावे.