कालवा आणि नदी

१८७६ साली मद्रास इलाख्यात पाऊस हटला आणि पुढची दोन वर्षे तेलुगू मुलखात अन्नान्नदशा झाली. जॉन एव्हरेट क्लौ हे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी १८६६ पासून ओंगोल येथे राहत होते. त्यांचे बहुतेक अनुयायी चामड्याचे काम करणाऱ्या मादिगा समाजातले. आणि दुष्काळात मरण प्रथम येते ते अशांच्याच दाराशी.

भुकेल्यांना साहाय्य करावे की नाही, हा प्रश्न क्लौ यांना पडला नाही. पडला तो त्यापुढचा. अन्न देणाऱ्याच्याच हातून कोणी दीक्षा घेतली, तर ती श्रद्धेची की भुकेची, हे ठरवावयाचे कोणी?

त्यांनी काढलेली वाट मोठी व्यवहारी होती. समुद्रकिनाऱ्यालगतच्या बकिंगहॅम कालव्याचे खोदकाम सरकारने दुष्काळी काम म्हणून हाती घेतले होते. तरुणपणी क्लौ अमेरिकेत जमीनमोजणीच्या तुकडीत होते. ती विद्या आता कामी आली. कालव्याच्या काही मैलांचा ठेका त्यांनी स्वतः घेतला. लोकांच्या हाती धर्मादायाचा शिधा न पडता खणलेल्या मातीची मजुरी पडू लागली. शिवाय, मदतकार्य चालू असेतो कोणालाही बाप्तिस्मा द्यावयाचा नाही, असा निर्बंध त्यांनी घालून घेतला आणि वर्षाहून अधिक काळ तो पाळला.

मात्र या कामावरचे मुकादम होते ते मिशनचेच तेलुगू उपदेशक. दिवसा मातीचे मोजमाप आणि विसाव्याला ख्रिस्ताची कथा! दीक्षेचे दार बंद असले तरी दारापर्यंतची वाट रोज झाडली जात होती, हे नाकारून चालणार नाही. पण त्या कथेला बसणाऱ्या मादिगांना याआधी आपल्याजवळ बसवून घेणारे तरी किती भेटले होते? केवळ ‘पोटार्थी’ म्हणून त्यांची संभावना करणारे हे विसरतात.

१८७८ च्या मध्यास मदतकार्य संपले, तरी दीक्षा मागणारे हटेनात. ३ जुलै रोजी वेल्लमपल्लीजवळ गुंडलकम्मा नदीत सहा उपदेशकांनी, दोघे दोघे आळीपाळीने पाण्यात उभे राहून, २,२२२ माणसांना बाप्तिस्मा दिला. वर्षअखेर दीक्षितांची संख्या नऊ हजारांवर गेली. त्यांच्यासाठी शाळा आणि शिक्षक कोठून आणावयाचे, हा पेच मग पुढे उभा राहिला.

क्लौ १९१० साली वारले. चार वर्षांनी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या इंग्रजी नावात ‘ख्रिस्ती धर्म’ या शब्दांमागे ‘सामाजिक’ हे विशेषण आहे.