कमरेचे माप

कड्याच्या परिसरातून दरसाल ऊसतोडीला टोळ्या जातात. आम्ही संघटनेत मजुरीचा हिशेब टनावर मांडत आलो; वाकलेल्या कमरेचे कष्ट वजनकाट्यावर येत नाहीत. ते मोजण्याची खटपट मात्र जुनी आहे.

१८४९ मध्ये बर्लिनच्या द्यु ब्वा-रेमाँ याने माणसाने हात आवळताच विद्युत्मापकाची सुई हलते, हे दाखविले. आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. उड्डियान व नौली या पोटाच्या क्रिया त्यांनी श्रद्धेवर न सोडता क्ष-किरणांनी पाहिल्या, आतील दाब मोजला.

पुढे त्वचेवर चकत्या लावून, खोल स्नायूंत बारीक तारा घालून एकेका स्नायूची वीज टिपता येऊ लागली. तेव्हा दिसले, की उताणे निजून पाय सरळ ठेवून उठताना पहिली उचल पोटाची. पुढची बरीच ओढ जांघेतील खोल स्नायूंची. ते कमरेच्या मणक्यांना जोडलेले. पोट दुबळे असेल तर कंबर ताणली जाते. अर्थात विजेचा आकडा म्हणजे बळ नव्हे; तो ज्याच्या त्याच्या पूर्ण जोराशी ताडूनच वाचावा लागतो.

तेव्हा कंबर धरलेल्या मजुराला सरसकट व्यायाम सांगू नये. आणि पुढच्या करारात दराशेजारी कमरेचाही प्रश्न आम्ही मांडला पाहिजे.