भिंतीवरची डबी आणि घरातली ऊब

सोलापूरच्या माणसानं घर गरम ठेवण्याच्या यंत्रावर बोलावं, हा एक विनोदच आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हे काम डोक्यावरचे पत्रे फुकटात करतात. शिवाय मी बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. विज्ञानाचा हात शाळेत सोडला तो पुन्हा धरला नाही. तरीही आज मी थर्मोस्टॅट नावाच्या एका लहानशा डबीचा इतिहास सांगणार आहे, कारण या डबीनं आमच्या घरात एकदा चांगलंच भांडण लावलं होतं.

जानेवारी २०१९ मध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहराच्या एका उपनगरात गेलो होतो. बाहेर गुडघाभर बर्फ. घराच्या तळघरात गॅसवर चालणारी भट्टी, तिथून तापलेली हवा नळकांड्यांतून खोल्याखोल्यांत येते. आणि त्या भट्टीला हुकूम देणारी ही डबी दिवाणखान्याच्या भिंतीवर. लेकीनं पहिल्याच दिवशी बजावलं, ‘‘अब्बा, त्याला हात लावू नका. त्यात सगळा प्रोग्रॅम भरलेला आहे.’’ आम्ही हात लावला नाही. पण रात्री नऊ वाजले की घर निवायला लागायचं. मध्यरात्री बाळ दुधासाठी उठायचं तेव्हा फरशी बर्फासारखी. पत्नी शाल गुंडाळून बसायची आणि काही बोलायची नाही. लेकीच्या घरात, जावयाच्या घरात, यंत्राबद्दल तक्रार कशी करायची? बाळंतपणाला परदेशी गेलेल्या किती आया अशा मुकाट्यानं कुडकुडल्या असतील, देव जाणे.

या डबीचं मूळ शोधायचं तर चारशे वर्षं मागं जावं लागतं, आणि तिथं आढळतात ती कोंबडीची अंडी. कॉर्नेलिस ड्रेबेल नावाचा एक डच कारागीर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात राहत होता. कोंबडीशिवाय अंडी उबवण्याची त्याची एक पेटी होती. पेटी फार तापली की आतला द्रव फुगायचा, तो पाऱ्याला ढकलायचा, आणि पारा चुलीच्या हवेची झडप लावायचा. आच मंदावायची. पेटी निवली की झडप पुन्हा उघडायची. माणसानं पाहायला नको, की फुंकर घालायला नको. आपली आपण सावरणारी उष्णता, ही कल्पना इथं जन्मली.

पुढचा धागा घड्याळातून येतो. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन हा इंग्रज कारागीर समुद्रावर बिनचूक चालणारं घड्याळ बनवण्याच्या मागं लागला होता. थंडी-उन्हानं घड्याळाची चाल बिघडते, म्हणून त्यानं पितळ आणि पोलाद या दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. तापल्यावर पितळ जास्त प्रसरण पावतं, पोलाद कमी, त्यामुळे जोडपट्टी एका बाजूला वाकते. हीच ती द्विधातू पट्टी. १८३० मध्ये अँड्र्यू युअर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं अशाच वाकणाऱ्या पट्टीच्या साधनाचं पेटंट घेतलं आणि ग्रीक शब्दांवरून त्याला ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिलं. उष्णतेला एका जागी उभं करणारा, असा त्याचा अर्थ.

ही पट्टी आपल्याला परकी नाही. घरातल्या विजेच्या इस्त्रीत ती असते. इस्त्री तापली की ‘टक्’ असा आवाज होऊन दिवा विझतो, निवली की पुन्हा लागतो, ती करामत या पट्टीची. इस्त्रीची ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्यावरून आमचं भांडण मिटलं.

आता अमेरिका. विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचं एक गाव आहे. तिथल्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक शिकवत. थंडीत शिपाई दर थोड्या वेळानं वर्गात यायचा, तापमान बघायचा आणि तळघरात जाऊन भट्टीची हवा कमीजास्त करायचा. शिकवण्याचा धागा तुटायचा. शिक्षक चिडतो म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. पण हे गुरुजी चिडून थांबले नाहीत. त्यांनी खोलीत विजेवर चालणारा थर्मोस्टॅट लावला. खोली निवली की तळघरात घंटी वाजायची आणि शिपाई तिथल्या तिथं भट्टी वाढवायचा. १८८३ मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं आणि दोन वर्षांनी मिलवॉकी शहरात त्यांची कंपनी उभी राहिली.

पण शिपाई शाळेला परवडतो, घराला नाही. घरात भट्टीपाशी जायचं काम बाईचं किंवा थोरल्या मुलाचं. पहाटे उठून तळघरात उतरायचं, झडप उघडायची, कोळसा पेटेपर्यंत थांबायचं. स्वित्झर्लंडहून येऊन मिनियापोलिसला राहिलेल्या आल्बर्ट बुट्झ यानं १८८५-८६ मध्ये ही पायपीट वाचवली. खोली ठरलेल्या अंशाखाली गेली की वीजमंडल जुळायचं, एक छोटी मोटर अर्धा फेरा फिरायची, साखळी ओढली जायची आणि भट्टीची हवेची झडप उघडायची. कोळसा फुलायचा. खोली तापली की झडप परत बंद. काही वर्षांतच ही कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. १९२७ मध्ये ती मार्क हनीवेल यांच्या कंपनीत मिसळली, आणि ते नाव पुढं थर्मोस्टॅटला चिकटलं ते चिकटलंच.

तरी एक काम उरलं होतं. रात्री झोपताना आच कमी करायची आणि पहाटे पुन्हा वाढवायची, हे कुणीतरी करायलाच हवं होतं. १९०६ च्या सुमारास मिनियापोलिसच्याच कारखान्यातून एक नवा थर्मोस्टॅट बाहेर पडला. त्याला घड्याळ जोडलेलं होतं. घड्याळात रात्रीची वेळ लावा, पहाटेची वेळ लावा, आणि पांघरूण घेऊन झोपा. तुम्ही जागे व्हायच्या आधी घर जागं होईल. घड्याळासाठी जन्मलेली पट्टी दीडशे वर्षांनी पुन्हा घड्याळाच्या शेजारी येऊन बसली. ‘प्रोग्रॅम’ हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, पण वस्तू तीच.

पुढं १९५३ मध्ये हेन्री ड्रायफस या नामवंत रचनाकारानं घडवलेला गोल थर्मोस्टॅट आला. अमेरिकेतल्या लाखो भिंतींवर तो बसला. आत द्विधातूची गुंडाळी, तिच्यावर काचेची कुपी, कुपीत पाऱ्याचा थेंब. गुंडाळी वळली की कुपी कलायची, थेंब घरंगळून दोन तारांना जोडायचा आणि भट्टी पेटायची. बाहेर एक गोल कडं, ते फिरवायचं, बस्स. पोरालाही कळावं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी वस्तू.

मग आलं १९७३ चं तेलसंकट. अरब देशांनी तेल रोखलं आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्या नोव्हेंबरात लोकांना थर्मोस्टॅट सहा अंश खाली आणायला सांगितलं. फेब्रुवारी १९७७ मध्ये, पदावर येऊन दोनच आठवडे झालेले जिमी कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले. त्या हिवाळ्यात नैसर्गिक वायूची टंचाई होती. दिवसा ६५ अंश फॅरनहाइट, रात्री ५५, असं त्यांनी देशाला सुचवलं. आपल्या हिशेबात अठरा आणि तेरा अंश सेल्सिअस. घराच्या भिंतीवरचा आकडा आता राष्ट्राचा विषय झाला.

रात्री आच कमी केल्यानं खरंच बचत होते का, यावर तेव्हाही वाद होता, आजही आहे. आमच्या पत्नीचंही म्हणणं होतं की, ‘‘थंडगार घर पहाटे पुन्हा तापवायला दुप्पट गॅस लागत असेल.’’ ऐकायला पटतं, पण तसं नाही. तळाशी भोक पडलेला हौद डोळ्यांपुढं आणा. हौद काठोकाठ असेल तर भोकातून पाणी जोरात जातं, निम्मा असेल तर हळू. रात्रभर काठोकाठ ठेवायचा तर रात्रभर जोराची गळती भरून काढावी लागेल. रात्री पातळी उतरू दिली आणि सकाळी एकदाच भरला, तर एकूण पाणी कमी लागतं. घराचंही तसंच. आत-बाहेरच्या तापमानात फरक जितका जास्त, तितकी उष्णता भिंतींतून वेगानं पळते. रोज आठ तास सात ते दहा अंश फॅरनहाइट खाली ठेवलं तर वर्षाच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होते, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. हीट पंप बसवलेल्या घरांचा हिशेब मात्र वेगळा असतो, तो आपण सोडून देऊ.

१९८० च्या दशकात पारा आणि काटे जाऊन बटणं आणि आकडे आले. दिवसाचे चार तुकडे पडले: उठणं, बाहेर जाणं, परतणं, झोपणं. प्रत्येकाची वेळ लावायची, प्रत्येकाचं तापमान लावायचं, कामाचे पाच दिवस वेगळे, शनिवार-रविवार वेगळे. १९९५ मध्ये सरकारनं अशा थर्मोस्टॅटना ऊर्जाबचतीची ‘एनर्जी स्टार’ ही मोहोर द्यायला सुरुवात केली आणि २००९ च्या अखेरीस ती काढून घेतली! घरोघरचा खर्च तपासला तेव्हा अपेक्षित बचत दिसेना. बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी लोकांकडून त्यांच्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटची छायाचित्रं मागवली, तर पाचातल्या एकाचं घड्याळच चुकीचं. निम्म्या लोकांनी ‘होल्ड’ हे बटण दाबून प्रोग्रॅम कायमचा झोपवलेला. गोल कडं पोरालाही कळत होतं, बटणं थोरांनाही कळेनात. २०११ मध्ये आयपॉडच्या निर्मितीतले टोनी फॅडेल यांनी माणसाच्या सवयी आपणहून शिकणारा ‘नेस्ट’ बाजारात आणला, त्यामागं हीच अडचण होती. त्यालाही पुन्हा गोल कडंच होतं.

आता आमचं भांडण. एका रात्री पत्नीचा संयम संपला. तिनं डबीवरचं बटण दाबदाबून आकडा ८० वर नेला. घर लवकर तापावं हा हेतू. पहाटे बाळ घामानं भिजलेलं, लेक चिडलेली, जावई गप्प. पत्नी म्हणाली, ‘‘चुलीचं बटण जास्त फिरवलं की आच वाढते, तसंच केलं.’’ तिची ही समजूत एकटीची नव्हती. विलेट केम्प्टन या मानववंशशास्त्रज्ञानं याच मिशिगन राज्यातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन १९८६ मध्ये एक निबंध लिहिला आहे. त्यात त्याला दोन तऱ्हेची माणसं आढळली. एकांना थर्मोस्टॅट म्हणजे गॅसच्या चुलीची तोटी वाटते, जितकी फिरवाल तितकी आच. दुसऱ्यांना तो केवळ पहारेकरी वाटतो, अमुक अंश झाले की थांब म्हणणारा. जन्मभर त्या यंत्राशेजारी राहणारे अमेरिकन जर तोटीच समजतात, तर सोलापूरच्या बाईला का दोष द्यायचा?

जावयानं इस्त्रीचं उदाहरण दिलं. ‘‘अम्मी, इस्त्री ‘कॉटन’वर ठेवली म्हणून ‘नायलॉन’पर्यंत लवकर तापत नाही. तापण्याचा वेग तोच. फक्त थांबायचं कुठं ते बदलतं.’’ पत्नीला ते तत्काळ पटलं.

पण रात्री नऊलाच घर का निवतं? प्रोग्रॅममध्ये तर झोपेची वेळ दहा होती. जावयानं झाकण उघडून पाहिलं आणि हसायलाच लागला. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागं घेतात. घरातली सगळी घड्याळं घेतली होती, या डबीतलं राहून गेलं होतं. ती तीन महिने एक तास पुढं जगत होती. तिचे दहा म्हणजे आमचे नऊ. ‘सेट’ दाबून घड्याळ दुरुस्त केलं, आणि नवीच पंचाईत झाली. तिच्या चुकीमुळे पहाटे सहाऐवजी पाचलाच भट्टी पेटत होती, आणि मी साडेपाचला वजूसाठी उठायचो तेव्हा घर उबदार असायचं. आता माझे दात वाजायला लागले. शेवटी ‘उठणं’ पाचवर आणलं, ‘झोपणं’ अकरावर, आणि बाळासाठी रात्रीचा आकडा ६० वरून ६८ केला. ज्यानं प्रोग्रॅम भरला होता तो एकटा मुलगा होता, तेव्हा लग्नही झालं नव्हतं. घर बदललं होतं, वेळापत्रक त्याच्या ब्रह्मचर्यातलं राहिलं होतं.

दोनच दिवसांनी, ३० जानेवारीला, बाहेर शून्याखाली पंचवीस अंशांच्या आसपास थंडी होती. त्या सकाळी मिशिगनमधल्या गॅसच्या एका मोठ्या दाबकेंद्राला आग लागली. रात्री साडेदहाच्या सुमारास घरातले सगळे मोबाइल एकदम किंचाळले. सरकारी संदेश होता: शुक्रवारपर्यंत थर्मोस्टॅट ६५ किंवा त्याखाली आणा. कार्टरसाहेबांचाच आकडा. वाहिनीतला दाब उतरला तर घरोघरच्या भट्ट्या विझतील, आणि त्या थंडीत विझलेलं घर म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. लेकीनं पाळण्याकडे पाहिलं. जावई उठेना. पत्नी उठली, डबीपाशी गेली, ६८ चे ६५ केले आणि या खेपेस ‘होल्ड’ दाबलं. मग तिनं पेटीतून सोलापूरहून नेलेली वाकळ काढली, लेकीच्या खोलीत आम्हा सगळ्यांची अंथरुणं घातली आणि दार लावून घेतलं. पाच माणसांच्या श्वासानं ती खोली सकाळपर्यंत बरी राहिली. गॅस बंद पडला नाही. शुक्रवार उलटल्यावर ‘होल्ड’ काढायची आठवणही तिनंच केली.

१० मार्चच्या रविवारी, आम्ही सोलापुरात परतल्यावर, लेकीचा फोन आला. घड्याळं एक तास पुढं करायचा दिवस होता. म्हणाली, ‘‘अम्मीला सांगा, सगळ्यात आधी डबीतलं केलं.’’