भेद्र्याचं गार सार: मजुराच्या गडूतून काचेच्या वाटीत

एप्रिल-मे लागला की आपल्या मोबाइलवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे वर्ध्याच्या तापमानाचा आकडा आणि दुसरी कुठलीतरी गारेगार रेसिपी. टोमॅटोचं थंड सूप त्यातलंच. काचेची वाटी, बर्फाचे खडे, वर पुदिन्याचं पान, आणि नाव गाझपाचो. खाली लिहिलेलं असतं, स्पेनची खासियत.

ते खरंच आहे. पण हे सूप मुळात कोण पीत होतं आणि कशासाठी, ते त्यात लिहिलेलं नसतं. ते कळलं तर वर्ध्याच्या माणसाला हा प्रकार परका वाटणार नाही. पोस्ट लांब आहे. ऊन उतरल्यावर निवांत वाचा.

स्पेनच्या दक्षिणेला अंदालुसिया नावाचा प्रांत आहे. सेव्हिल, कॉर्डोबा ही तिथली गावं. उन्हाळ्यात तिथंही पारा ४० च्या वर जातो, आणि हवा आपल्यासारखीच कोरडी. मोठ्या जमीनदारांच्या शेतात ऑलिव्ह आणि गहू, आणि त्यात राबणारे रोजंदारीचे मजूर. या मजुरांचं दुपारचं खाणं म्हणजे गाझपाचो. शिळा पाव, लसूण, मीठ, थोडं तेल आणि शिरका लाकडी भांड्यात कुटायचं, पाणी ओतायचं आणि प्यायचं. चूल पेटवायची गरज नाही. पोटाला आधार होतो, घामातून गेलेलं मीठ परत मिळतं आणि आंबटपणामुळं पाणी जास्त प्यायलं जातं.

यात टोमॅटो नव्हताच. तो मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘टोमाट्ल’ शब्दावरून त्याचं नाव आलं. स्पॅनिश लोकांनी १५२१ मध्ये तिथलं अॅझ्टेक राज्य जिंकलं आणि त्यानंतर हे फळ युरोपात पोचलं. १५४४ मध्ये इटलीतल्या मात्तिओली नावाच्या वैद्यानं त्याची नोंद केली. तरी युरोपातल्या पुष्कळ लोकांनी बराच काळ ते विषारी समजून दूर ठेवलं. गाझपाचोत टोमॅटो पडला तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. म्हणजे लाल रंग नंतरचा. मजुराचं आंबट-खारट पाणी आधीचं.

आपल्याकडंही टोमॅटो उशिराचाच पाहुणा. पोर्तुगीजांच्या काळात तो भारतात आला असं मानतात, पण शेतात आणि स्वयंपाकघरात रुळला इंग्रजांच्या काळात. जॉर्ज वॅट या इंग्रज अधिकाऱ्यानं १८८९ पासून भारतातल्या पिकांचा मोठा कोश काढला. त्यात टोमॅटोबद्दल लिहिलंय की लागवड मुख्यतः साहेब लोकांसाठी होते, पण इथल्या लोकांनाही तो आवडू लागलाय, आणि बंगाली लोक आंबट कालवणात घालतात. म्हणजे टोमॅटो आपल्या घरात शिरला तो चिंचेच्या जागेवर. पुण्या-मुंबईकडं तो टोमॅटो, आपल्याकडं टमाटर, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजूनही भेद्रं.

भेद्रं येण्याआधी आपल्याकडं काय होतं? यादी काढा. ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील. ताकातल्या कण्या. अखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) होणारी चिंचोणी. कैरीचं पन्हं. ओळीनं पाहिलं तर सगळ्यांत तेच आहे: पाणी, मीठ, आंबट, आणि बऱ्याचदा मुठभर धान्य. अंदालुसियात शिळा पाव, आपल्याकडं ज्वारी. दोन्हीकडच्या मजुरांची कधी गाठ पडली नाही. पण ऊन सारखं, काम सारखं, खिसाही सारखाच रिकामा. म्हणून उत्तरही सारखं निघालं.

आता आपल्या जिल्ह्याचा या गोष्टीशी थेट संबंध. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस, आणि मुक्काम मगनवाडी. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ, जात्याचं पीठ यावर तिथं काम चाललं. गांधीजी स्वतः मगनवाडीत राहून कच्चा पाला, सोयाबीन असले आहाराचे प्रयोग करत होते. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता: गरिबाच्या ताटात, जास्तीचा पैसा न घालता, अंगाला लागणारं काय वाढवता येईल?

३० एप्रिल १९३६ ला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, ते शेगावला राहायला गेले. हेच पुढं सेवाग्राम झालं. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत त्यांनी ‘आरोग्यनी चावी’ हे छोटं गुजराती पुस्तक लिहिलं. त्यात भाज्यांबद्दल सांगताना काकडी, टोमॅटो, कोवळा पाला हे शिजवायची गरज नाही, नीट धुवून थोडं थोडं कच्चंच खावं, असं म्हटलंय. मसाल्यांना त्यांचा विरोध, पण मिठाला त्यांनी मान दिलाय. या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं डॉ. सुशीला नायर यांनी. त्यांनीच १९६९ मध्ये सेवाग्रामला मेडिकल कॉलेज सुरू केलं. थंड सूप हा शब्द या पुस्तकात नाही. पण कच्चं टमाटर, काकडी, घाणीचं तेल आणि मीठ हा सगळा माल या विचारात बसतो.

म्हणून रेसिपी आपल्या पद्धतीनं सांगतो. चार-पाच माणसांसाठी पिकलेली लाल टमाटरं १ किलो, काकडी १, छोटा कांदा अर्धा, लसणाच्या २ पाकळ्या, ज्वारीची शिळी भाकर पाव (शिळी म्हणजे सकाळची, वास आलेली नाही), जिरं भाजून कुटलेलं, मीठ, घाणीचं तेल २ चमचे, आणि सांबार मुठभर. बाहेरगावच्या वाचकांसाठी: विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. टमाटर, काकडी, सांबार स्वच्छ पाण्यानं धुवा, कारण इथं काही शिजणार नाही. भाकर पाण्यात भिजवा. सगळं पाट्यावर नाहीतर मिक्सरमध्ये वाटा, गाळून घ्या, माठातलं पाणी घालून ताकाइतकं पातळ करा. टमाटर गोडसर निघालं तर चिंचेचा कोळ चमचाभर.

फ्रीज असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर गंज पाण्यानं भरलेल्या पसरट भांड्यात ठेवा, वर ओलं सुती फडकं असं गुंडाळा की त्याची टोकं पाण्यात राहतील, आणि सावलीत वारा लागेल अशा जागी दोनेक तास राहू द्या. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढली जाते. माठ गार होतो तो याच हिशेबानं. आपली मे महिन्याची हवा कोरडी, म्हणून विदर्भात माठ आणि कूलर दोन्ही चालतात. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की दोघंही हात टेकतात. एक लक्षात ठेवा, हे कच्चं आहे. केलं त्याच दिवशी, दोन-चार तासांत संपवा.

आणखी एक गोष्ट आहे, ती रेसिपीवाले सांगत नाहीत. टमाटराला आपलं ऊन सोसत नाही. पारा ३८-४० च्या पुढं गेला की फूल गळतं, फळ धरत नाही. म्हणून हे सार खरं तर मार्च-एप्रिलचं, गावचा माल बाजारात असतो तेव्हाचं. मे महिन्यात टमाटर बाहेरून येतं. त्या वेळी झाडावर कैरी असते आणि घरात नवी चिंच. जुन्या माणसांनी मे महिना चिंच-कैरीच्या भरवशावर काढला, त्यामागं हे कारण आहे. टमाटराच्या भावाचं तर काही सांगूच नका. जुलै २०२३ मध्ये किलोला १०० रुपयांच्या वर गेलेलं टमाटर त्याच सप्टेंबरमध्ये नाशिककडच्या शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतलं.

आता मुद्द्यावर येतो. पारा ४५ ला टेकला की हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणं उष्णतेची लाट धरतात, मग सरासरी काहीही असो. आपल्याकडं असे दिवस नवीन नाहीत. या दिवसांत समुद्रपूरकडं कोणी वावरात असतं, हिंगणघाटला कोणी हमाली करतं, कोणी वीटभट्टीवर असतं, कोणी रस्त्याच्या डांबरावर. आंबील, कण्या, चिंचोणी ही त्यांची होती. आज ती आपण हॉटेलात नाश्त्याला, ‘पारंपरिक’ म्हणून, जास्तीचे पैसे देऊन खातो. आणि मजुराच्या हातात काय असतं? रंगीत साखरेचं पाणी नाहीतर थंड बाटली. त्यात साखर भरपूर, घामातून गेलेलं मीठ नावापुरतं.

कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार पेटी द्यावी, हे २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं होतं. किती कामांवर सावली दिसली, हे तुम्हीच आठवून पाहा. अहमदाबादनं २०१० च्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढं इतर शहरांनीही केले. पण आराखड्यात शहरातला चौक येतो, वावराचा धुरा येत नाही.

ग्रामपंचायतीला हे जमण्यासारखं आहे. कामाची वेळ सकाळी लवकर, दुपारी सुट्टी. बचत गटाकडून कामावर मिठाचं ताक किंवा चिंचोणी. गाव बाजारात टमाटर मातीमोल झालं की त्याचं सार. एक रांजण, एक ओलं फडकं, एक सावली. यासाठी मोठं टेंडर लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते होत नाही.

सार हे औषध नाही, हेही सांगून ठेवतो. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून भट्टी झालं, शुद्ध हरपली, तर तोंडात काही ओतू नका. सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

तुमच्या गावात या उन्हाळ्यात मजुरांच्या कामाची वेळ बदलली का? कामावर पाणी आणि सावली आहे का? गावाचं नाव लिहून खाली सांगा. आणि आजीच्या हातची आंबील नाहीतर चिंचोणी कशी व्हायची, तेही लिहा.